टोक नसलेला केस

केसाला टोक नव्हतं.

अनुजाने तो चिमट्यात धरून पांढऱ्या कागदावर ठेवला, मग कागद बदलून काळा घेतला, तेव्हा तो नीट दिसला. लांबी साधारण सात सेंटिमीटर. हरणाच्या शेपटीचा केस बुडाशी जाड आणि पोकळ असतो, आणि पुढे बारीक होत होत असा संपतो की नेमका कुठे संपला ते सांगता येत नाही. हा मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखाच जाड होता. एका बाजूने कापलेला असणं ठीक होतं, तिकडून तिनेच कापला असणार. पण तो दुसऱ्या बाजूनेही कापलेला होता.

तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. शनिवारची दुपार होती. खिडकीशी लावलेल्या टेबलाच्या कडेला छोटा शिकंजा बसवलेला होता, शिकंज्यात गळ, आणि गळावर अर्धा बांधून झालेला मासा. बाजूला उन्मेषने सकाळी परत आणून दिलेले तीन मासे पडले होते. त्यांची पाठ विरळ झाली होती. एकाला तर चक्क टक्कल पडलं होतं.

उन्मेष तिच्या नवऱ्याचा, राजेशचा, मित्र. दोघांनी शिवडीच्या धक्क्यावर कित्येक रविवार काढले होते. आता तो हौशी लोकांना होडीतून गळ टाकायला नेतो आणि त्याला लागणारे मासे अनुजा बांधून देते. मासे म्हणजे माशांची सोंगं. गळावर जरीची तार गुंडाळायची, वर केसांचे दोन-तीन पातळ थर दोऱ्याने आवळायचे, डोक्यावर नेलपॉलिशचा थेंब द्यायचा आणि टाचणीच्या माथ्याने डोळा काढायचा. कोरडं असताना हे प्रकरण रंगाच्या कुंचल्यासारखं दिसतं. पाण्यात ओढलं की केस अंगासरशी मिटतात, ओढणं थांबलं की सुटतात, आणि मांदेली चालली आहे असं वाटून एखादा जिताडा तिच्यावर झडप घालतो. पाठीच्या पिवळ्या केसांना अनुजा हळदीच्या पाण्यात उकळून रंग देते.

उन्मेषने सकाळी चहा संपेपर्यंत विषय काढला नव्हता. नारळी पौर्णिमेनंतर गिऱ्हाइकं सुरू होतील, पावसानंतरचं पाणी कसं आहे, असं इकडचं तिकडचं बोलत राहिला. मग खिशातून डबी काढून तिच्यापुढे सरकवली.

"वहिनी, राग मानू नका. पण या खेपेचे मासे मेलेले वाटतात. पाण्यात केस एकमेकांना चिकटून बसतात. आणि दोन वेळा ओढलं की गळतात."

"मेलेलेच आहेत ते," स्वयंपाकघराच्या दारातून मालन म्हणाली. "जिवंत कधी होते? श्रावणात माझ्या घरात बोंबलाचं शेपूटसुद्धा येत नाही, आणि हिने बघ, खिडकीत वाळत घातलेत."

मालन अनुजाची सासू. पंचाहत्तरी ओलांडलेली, बुटकी, अजून खणखणीत. उन्मेषने तिला हसून नमस्कार केला आणि निघाला. जाताना दारात चपला घालता घालता तो हळूच म्हणाला की पूर्वीसारखे बांधा वहिनी, राजेशने शिकवले तसे. पूर्वीसारखेच तर बांधत होती ती.

राजेश जहाजावर सेकंड इंजिनियर होता. एकदा कॅनडाच्या कुठल्याशा बंदरात जहाज दुरुस्तीसाठी अडकून पडलं, तेव्हा धक्क्याजवळच्या दुकानातल्या एका म्हाताऱ्याने त्याला हे बांधायला शिकवलं. परत येताना राजेशने शिकंजा आणला, गळ आणले, आणि तिकडच्या हरणाची एक अख्खी पांढरी शेपटी. तेव्हा ते लालबागच्या जुन्या चाळीत राहत. जनावराचं हे काय घरात आणलंस म्हणून मालनने नाक मुरडलं, आणि दुसऱ्या दिवशी तिनेच ती शेपटी रिठ्याच्या पाण्यात धुऊन गॅलरीत पापडांशेजारी वाळत टाकली. शेजारच्या खोल्यांतली पोरं ती बघायला रांग लावून उभी राहिली होती.

त्याच सुट्टीत त्याने अनुजाला शिकवलं. ती गिरगावात वाढलेली, विज्ञान शिकलेली, परळच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला. पेशंटच्या शरीरातून काढून मेणात गोठवलेल्या तुकड्याचे केसाहून पातळ काप काढायचे आणि काचपट्टीवर घ्यायचे, हे तिचं रोजचं काम. राजेश म्हणायचा, तुझे हात बघितले तर तो म्हातारा मला हाकलून देईल आणि तुला ठेवून घेईल. तरी तिचे पहिले मासे वाईट झाले, कारण तिने केस भरभरून लावले होते. ती हौसेने जाडजूड मासे करायची आणि तो मागे उभा राहून त्यातले अर्धे केस उपटून टाकायचा.

"कमी घाल. आत पाणी शिरायला हवं. जिवंत दिसतं ते पाण्यामुळे दिसतं, केसांमुळे नाही."

पुढच्याच फेरीत, ऑस्ट्रेलियाहून कोळसा घेऊन येताना, एका सकाळी तो पाळीवर आला नाही. केबिनमध्ये नव्हता, इंजिनरूममध्ये नव्हता. जहाज मागे वळवून त्यांनी दिवसभर समुद्र पालथा घातला. मग कंपनीचा माणूस चाळीत आला, मोरीजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसला आणि बेपत्ता असं म्हणाला. मेला असं कुणीच म्हणालं नाही. त्यांची मुलगी ओवी तेव्हा बालवाडीत होती. आता ती पुण्याला इंजिनियरिंगला आहे आणि चेहऱ्याने अगदी बापासारखी निघाली आहे.

मधल्या काळात चाळ पाडली गेली. काही वर्षं संक्रमण शिबिरात काढून ते त्याच जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत अकराव्या मजल्यावर आले. चाळ सोडताना मालनने कोपऱ्यावरच्या चक्कीवाल्याला सांगून ठेवलं होतं की माझा मुलगा आला तर आम्ही कुठे गेलो ते सांग. परत आल्यावर पुन्हा जाऊन सांगितलं, आता अकरावा मजला. चक्कीवर आता त्याचा मुलगा बसतो. वाक्य त्यालाही पाठ आहे. राजेशने ही इमारत पाहिलेली नाही. टेबलाजवळच्या खिडकीतून दोन टॉवरांच्या मधून शिवडीच्या खाडीची बोटभर रुंदीची पट्टी दिसते, आणि भरतीच्या वेळी ती चकाकते, हे त्याला सांगायचं राहिलेलं आहे. अनुजाच्या मनात अशा सांगायच्या गोष्टी साठत गेल्या होत्या. त्यातल्या कित्येक आता जुन्याही झाल्या होत्या.

राहता राहिला प्रश्न कार्याचा. राजेशचे चुलते कोंडीराम काका कणकवलीजवळच्या गावी असतात. ज्याचा देह मिळाला नाही त्याच्यासाठी काय करायचं ते त्यांनी या दोघींना पूर्वीच समजावून सांगितलं होतं. बारा वर्षं वाट पाहायची. मग पळसाची तीनशे साठ पानं दोऱ्याने बांधून त्यांचा माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, आणि त्या पुतळ्याला अग्नी द्यायचा. त्यानंतर पितृपक्षात त्याच्या नावाचं पान वाढता येतं. तोवर तो ना इकडचा ना तिकडचा. बारा वर्षं भरल्यापासून दर भाद्रपदात काकांचा फोन यायचा. मालन म्हणायची, सुनेला विचारा, तिचा नवरा आहे. अनुजा म्हणायची, आईंना विचारा, त्यांचा मुलगा आहे. काका एकदा वैतागून म्हणाले होते, तुम्ही दोघी एकाच घरात राहता ना गो, की मधे नदी आहे?

मधे नदी नव्हती. रात्री दोघी एकाच खोलीत झोपत. अनुजाला वाटायचं, आपण हो म्हटलं तर ही म्हातारी त्याच दिवशी खाली बसेल आणि पुन्हा उठणार नाही. स्वतःबद्दल तिला काय वाटायचं ते तिने फार खोलात जाऊन पाहिलं नव्हतं. समुद्रात पडलेला माणूस किती वेळ तग धरतो, पाणी किती थंड असतं, हे सगळं तिने पहिल्याच आठवड्यात वाचून काढलं होतं. हिशोब तेव्हाच संपला होता. तरी बांधायला बसली की केस गळावर ठेवून ती जरा थांबायची. मागे उभं राहून 'कमी घाल' म्हणायला माणसाला जेवढा वेळ लागेल तेवढंच. मग चार-दोन केस काढून टाकायची आणि दोरा आवळायची.

गेल्या वर्षी काकांनी फारच नेट लावला, तेव्हा टाळायचं म्हणून ती बोलून गेली होती की हातातली ही शेपटी संपू दे काका, मग बघू. बोलून झाल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं होतं. पण त्या दिवसापासून तिचे मासे आणखी पातळ झाले. उन्मेष म्हणाला, वहिनी, काय हात बसलाय तुमचा. शेवटी थंडीत तिने शेपटीवरचे उरलेसुरले चांगले केस कापले आणि ओवीच्या जुन्या कंपासपेटीत, सगळी टोकं एका बाजूला करून, निजवून ठेवले. होळीपर्यंत पुरतील असं तिला वाटलं होतं. होळी गेली, उन्हाळा गेला, आषाढ गेला. कंपासपेटी काही रिकामी होईना. प्रयोगशाळेत असं काही घडलं असतं तर तिने दोनदा तपासलं असतं आणि तिसऱ्यांदा दुसऱ्याला तपासायला लावलं असतं. घरी मात्र आपण काटकसरीने वापरतो म्हणून पुरतंय, असं तिने मानून घेतलं.

त्या शनिवारी संध्याकाळी काकांचा फोन आला. खाली रस्त्यावर मंडळाच्या मांडवाचे बांबू उतरवत होते, त्या आवाजात मालनला नीट ऐकू येईना, म्हणून तिने फोन अनुजाच्या हातात दिला. या भाद्रपदात बारावर तीन वर्षं होतात, काका म्हणाले. पळस आपल्या वाडीत नाही, वरच्या गावातून पानं आणायला माणूस पाठवावा लागेल, तेव्हा नारळी पौर्णिमेपर्यंत काय ते सांग. भटजींचे हात आता थरथरतात, पुतळा पूर्वीसारखा सुबक होणार नाही. "पण चालतंय गो. कसाबसा बांधतील. जाळायचाच तर आहे."

कळवते, असं म्हणून अनुजाने फोन ठेवला. मालन तांदूळ निवडत होती ती निवडत राहिली. 'कसाबसा' हा शब्द मात्र अनुजाच्या डोक्यात रविवारभर फिरत होता.

सोमवारी तिने तो केस कागदाच्या पुडीत घालून कामावर नेला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत काचपट्टीवर घेतला, वर थेंब टाकून झाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. तुलनेसाठी खरा हरणाचा केसही होता. तो ओळखीचा होता, आतून जाळीदार, मधाच्या पोळ्यासारखा, सगळा हवेने भरलेला. म्हणून तर तो दोऱ्याखाली दबतो आणि पक्का बसतो. दुसरा आतून भरीव होता. मधोमध तुटक तुटक एक रेघ, बाकी काही नाही. रंगाचा कण नाही. असा केस दोऱ्याखाली दबत नाही, निसटतो. पाण्यात फुलत नाही, चिकटतो. उन्मेषचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

शेजारच्या टेबलावरच्या रुपालीने डबा बाजूला ठेवून डोकावून पाहिलं आणि पेशंटचा आहे का म्हणून विचारलं.

"नाही. तुला काय वाटतं, कशाचा आहे?"

"माणसाचाच की. पिकलेला," रुपाली म्हणाली आणि पुन्हा डब्याकडे वळली.

अनुजा बराच वेळ तशीच डोळा लावून बसली. वसंतात कधीतरी तिच्या लक्षात आलं होतं की मालनचा अंबाडा लहान होत चालला आहे. एके काळी पेरूएवढा असायचा, तो लिंबावर आला होता. तिने लगेच सासूचं रक्त तपासून घेतलं. लोह, थायरॉइड, जे जे तपासता येण्याजोगं होतं ते सगळं, आपल्याच प्रयोगशाळेत, दोनदा. सगळं ठीक निघालं तेव्हा मालन म्हणाली होती, वय झालं की गळतात गो, त्याला सुई कशाला टोचतेस. आणि अनुजाने ते ऐकून जास्त प्रथिनं खायला सांगितली होती.

ती चालतच घरी आली. परळपासून लालबागपर्यंत पुलाखालचा रस्ता खणून ठेवला होता, गणपतीच्या कारखान्यांबाहेर प्लास्टरच्या पोत्यांची थप्पी लागली होती, आणि ती त्या सगळ्यातून अशी आली की घरी पोचल्यावर वाटेतलं काहीच आठवेना. मालनने सोमवार सोडण्याची तयारी केली होती. वालाची उसळ, भात, पापड. दोघी जेवल्या. ताटं उचलून झाल्यावर अनुजाने तेलाची वाटी कोमट केली आणि फणी घेतली.

"बसा आई. केस विंचरून देते."

"आज? सोमवारी कसलं तेल? राहू दे."

"तेल नको तर नुसते विंचरते. बसा."

मालनने तिच्याकडे एकदा पाहिलं. मग पाटावर, तिच्याकडे पाठ करून, मुकाट्याने बसली.

अनुजाने आकडे काढले, जाळी काढली. वरचे केस पाठीवर उतरले, कंबरेच्या जरा वर थांबले. तिने ते दोन्ही हातांनी वर उचलले. खाली, मानेच्या खळगीपासून कानांपर्यंत, केस कातरलेले होते. अधलेमधले नव्हे, ओळीने. एक पट्टा बोटभर, त्याच्या वरचा दोन बोटं, त्याच्या वरचा चार. सर्वांत खालचे पुन्हा वाढू लागलेले, खुंटासारखे हाताला टोचणारे. एवढ्या वर्षांत तिने सासूची मान अशी कधी पाहिली नव्हती. मानेवर एक तीळ होता, राजेशला होता तिथेच.

खाली कुणीतरी ढोल वाजवून पाहत होतं.

"कात्री कुठली घेतलीत?" अनुजाने विचारलं.

"तुझीच. पुसून ठेवत होते जागच्या जागी." मग थोड्या वेळाने, "रिठ्याने धुऊन, वाळवून, मगच पेटीत घालत होते हो. तेलकट नाही घातले कधी."

"माप?"

"पेटीतला एक केस बाजूला ठेवला होता मापाला. पण टोक कुठलं, बूड कुठलं, ते मला काय दिसतंय. घालायचे आपले सगळे एका दिशेने." तिने मान किंचित वळवली. "कळलं कसं?"

"गळतात ते, आई. पाण्यात."

"म्हणजे उन्मेष आणून दाखवत होता ते माझे?"

"तुमचेच."

मालनच्या खांद्यांना झटका बसला. अनुजाला वाटलं ती रडते आहे, पण ती हसत होती. "त्याला सांगू नकोस हां. गावभर करेल मेला. म्हणेल, म्हातारीच्या अंबाड्याने जिताडा धरायला निघालेत."

"धरला कुठे. तोंड फिरवून गेला."

आता दोघीही हसल्या. हसू संपलं तरी अनुजाने धरलेले केस सोडले नाहीत. तिने हळूहळू विंचरायला घेतलं, वरून खाली, गुंता नसतानाही.

"कशासाठी पण?" तिने विचारलं.

मालनने हाताने पाटाची कड चाचपली. "तू म्हणालीस ना काकांना. शेपटी संपली की बघू. मी म्हटलं, नको बाई संपायला."

"तुम्हाला करायचं नव्हतं म्हणून?"

मालनने पाटावर पडलेला एक केस उचलून बोटाला गुंडाळला.

"तू बांधायला बसलीस की मधेच थांबतेस," मालन म्हणाली. "मागून कुणीतरी बोलल्यासारखी. मग पुढचं करतेस. मी बघते ना रोज. मला वाटायचं, हे बंद पडलं तर ही पोरगी काय करेल. नोकरी आणि घर, घर आणि नोकरी. ओवी पण गेली. आणि खरं सांगू? तू थांबलीस की मीपण आत थांबायचे. हातात जे असेल ते तसंच धरून. तुला ऐकू यायचं तेवढं मलाही यायचं."

फणी अनुजाच्या हातात तशीच राहिली. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज मधेच बंद होतो, हे तिने इतक्या वर्षांत कितीदा ऐकलं होतं. कान देऊन ऐकलं नव्हतं, एवढंच.

मग तिनेही सांगितलं. पेटी रिकामी झालेली मालनला दिसू नये म्हणून आपण मासे पातळ करत गेलो. पेटी रिकामी दिसली की आई काकांना फोन लावतील, किंवा लावणार नाहीत, आणि दोन्हीची भीती वाटायची. मालनने ते सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तू पुरवत होतीस आणि मी भरत होते," ती म्हणाली. "त्या पेटीचा दोष नाही मग."

अनुजाने वरचे केस घेऊन अंबाडा बांधला. खालचे कातरलेले झाकले जातील असा, जरा खाली. जाळी घातली, आकडे खोचले. मग उठून कंपासपेटी आणली, टेबलावरचा दिवा लावला आणि काळा कागद पसरला. चिमट्याने एकेक केस उचलून ती दिव्याखाली धरू लागली. टोक असलेला इकडे, टोक नसलेला तिकडे. मालन पाट सोडून तिच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. इतक्या वर्षांत ती या टेबलाशी कधी बसली नव्हती. नेहमी दारातूनच बोलायची.

तिकडचा ढीग मोठा झाला. इकडे जे उरले ते एका माशापुरते होते. तोही राजेशला चालला असता असा, पातळ.

"रंग नको याला," मालन म्हणाली. "पांढराच राहू दे."

अनुजाने मान हलवली. गळ शिकंज्यात बसवला, जरीची तार शेवटाकडून डोक्याकडे आणली. मग केसांची जुडी करून, टोकं मागे, बुडं पुढे, गळावर ठेवली. थांबली. शेजारी मालनही थांबली, हे तिला न बघता कळलं. खाली ढोल वाजायचा बंद झाला होता. दोघींनी तेवढा वेळ जाऊ दिला. मागून कुणी बोललं नाही. जुडीतून काढून टाकण्यासारखं काही नव्हतंच, सगळे केस हवे तेवढेच होते. तिने दोरा घेतला आणि आवळला, एक वेढा, दुसरा, तिसरा. केस दोऱ्याखाली दबले आणि बसले. नेलपॉलिशचा थेंब, वर टाचणीच्या माथ्याने डोळा.

मासा शिकंज्यातून काढून तिने मालनच्या तळहातावर ठेवला. मालनने दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून तो दिव्याकडे नेला, उलटासुलटा करून पाहिला.

"उन्मेषला देणार हा?"

"नाही."

कंपासपेटी उघडीच होती आणि आत काही नव्हतं. काळ्या कागदावरचे मालनचे केस अनुजाने एकत्र केले, दोऱ्याने त्यांची एक छोटी जुडी बांधली, आणि ती पेटीत ठेवून झाकण लावलं. खिडकीतून दोन टॉवरांच्या मधली खाडीची पट्टी दिसत होती. भरती असावी, कारण तिथे कसलासा उजेड हलत होता. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आई," ती म्हणाली, "राजेशचं कार्य करू या. काकांना सांगा, पळसाची पानं मागवा म्हणावं. पुतळा मी बांधीन."